म्हशींच्या तीन प्रती

कमरुद्दीनच्या टेम्पोत चार म्हशी होत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढं पोलिसांच्या कागदावर त्या म्हशींचे बैल होतात, आणि तो कागद इतका ठणठणीत असतो की ऐकणाऱ्यालाही वाटायला लागतं, कोण जाणे, असतीलही बैल. नव्हते. तीन मुऱ्हा आणि एक गावठी, अशा चार म्हशी होत्या. ज्याला शंका असेल त्यानं ती आपल्या घरी ठेवावी.

चिंचखेड्याचा बाजार घोडेगावच्या बाजाराएवढा मोठा नाही, पण कमरुद्दीन मिसरूड फुटायच्या आधीपासून तिथं येत होता. त्या सोमवारी त्यानं म्हशी भरल्या, मागचा फाळका लावला, साखळी अडकवली आणि टेम्पो श्रीरामपूरच्या रस्त्याला काढला. कालव्याच्या पुलाजवळ मोटारसायकली आडव्या आल्या. पुढचं सांगायला नको, आजकाल ते सगळ्यांना पाठ आहे. त्याची बरगडी मोडली. बाजाराची पावती शर्टाच्या खिशासकट फाटून कालव्यात गेली. आणि ठाण्यात पोचेपर्यंत म्हशींचे बैल झाले. गुन्हा बैलांचा लागतो, म्हशींचा नाही.

त्याची मुलगी रुमाना दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेली. जनावरं कुठल्या गोशाळेत पाठवली, एवढंच तिनं विचारलं.

"तुला काय करायचंय?" जमादार म्हणाला. "धार काढायला जातीस का त्यांची?"

"बैलांची?" रुमाना म्हणाली.

जमादाराला आपण काय बोललो ते कळायला जरा वेळ लागला. मग तो इतका पेटला की तिला बाहेर काढायला दोन शिपाई बायका लागल्या.

बाजाराच्या पावतीपुस्तकात नुसतं 'जनावरे – ४' लिहिलेलं. कोणती जनावरं, ते लिहायची तिथं पद्धतच नाही. जनावर डोळ्यासमोर उभं असताना लिहायचं कशाला? म्हशी विकणाऱ्या माणसानं दारातच हात जोडले. "पोरी, मला दर सोमवारी तिथंच यायचंय गं." राहिला बाजाराच्या फाटकावरचा कॅमेरा. त्याला सोमवारी कुठं जायचं नव्हतं.

आणि त्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जिथं साठत होतं, तिथंच रुमाना कामाला होती.

श्रीरामपुरातल्या त्या कंपनीचं नाव शेषनाग डेटा सर्व्हिसेस. मालक श्रीमंत कोरडे. बाजारांचे, वजनकाट्यांचे, दूध संकलन केंद्रांचे, मंगल कार्यालयांचे कॅमेरे. सगळ्यांचं रेकॉर्डिंग शेषनागाच्या फण्याखाली. मशीन तीन ठिकाणी. एक श्रीरामपूरला ऑफिसच्या माळ्यावर, एक नगरला मालकाच्या मेहुण्याच्या गाळ्यात, आणि एक नेवाशाकडं, मालकाच्याच कोंबड्यांच्या शेडला लागून असलेल्या खोलीत. तिथं भाडं नाही. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तीन प्रती, तिन्हीकडं एकेक. "एक जळालं, एक बुडालं, तरी तिसरं हाय," असं कोरडेशेठ गिऱ्हाइकाला सांगायचे आणि तीन बोटं दाखवायचे. हे सगळं उभं केलं होतं रुमानानं, कुठल्या कॉलेजात न शिकता. मोबाईलवर फुकटचे धडे बघून, मोडून, पुन्हा जोडून.

बापाला धरल्याच्या चौथ्या दिवशी तिनं ते रेकॉर्डिंग उघडून पाहिलं. फाटकात टेम्पो थांबलेला. अब्बा खाली उतरून साखळी ओढून बघताहेत. फाळक्यावरून चार काळ्या पाठी, आणि एका म्हशीचं वळलेलं शिंग, इतकं स्पष्ट की त्याच्यावरची माती दिसावी. ती खुर्चीत मागं टेकली आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा पोटभर रडली.

मग ती वकिलाकडं गेली. सहादेव बनकर म्हणजे श्रीरामपूरच्या कोर्टातलं जुनं खोड. तिच्या हातातला कोरा पेनड्राइव्ह बघूनच त्यांनी हात वर केला.

"उतरवून आणलंस का?"

"अजून नाही. आज उतरवते."

"हात लावू नको. आरोपीच्या मुलीनं घरी नेऊन आणलेलं रेकॉर्डिंग म्हणजे समोरच्याला आयतं कोलीत. म्हणतील, पोरीनं म्हशी चिकटवल्या. मी अर्ज करतो, कोर्ट मागवील, कंपनी देईल. सरळ येऊ दे. जागेवर सुरक्षित आहे ना?"

"तीन ठिकाणी आहे, वकीलसाहेब."

"मग घाई काय?"

खरंच, घाई काय? जुनं रेकॉर्डिंग महिन्याभरानं आपोआप पुसलं जातं, त्यातून तेवढं तिनं वगळून ठेवलं. राखून ठेवा, अशी खूण केली. आणि सुटी टाकून कोर्ट, कारागृह, दवाखाना अशा फेऱ्या सुरू केल्या. बिनपगारी सुटी, अर्थात. कोरडेशेठ दिलदार माणूस, पण इतका नाही.

आता जरा मागं जावं लागेल. ही भानगड त्या सोमवारच्या कितीतरी आधी सुरू झाली होती, आणि ती समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

उन्हाळ्यात तिन्ही मशीन आडवी व्हायला लागली होती. आज हे, उद्या ते. रुमाना शेठच्या केबिनमध्ये गेली.

"सर, मेमरी वाढवायला लागेल. मशीन मरतायत."

"मरतायत म्हंजे? डॉक्टरला दाखवलं का?" शेठ स्वतःच हसले.

"मेमरी संपली की मशीन आतल्याच एका कामाचा गळा दाबतं. बाकीच्या दोघांना वाटतं, हे मेलं. मग ते त्याच्या वाटणीचा डेटा नव्यानं मांडायला बसतात. त्याला आणखी मेमरी लागते. मग दुसरं मरतं."

"रुमानाताई, घरात तोंडं वाढली म्हणून कुणी घर वाढवतं का? जास्त कोण खातंय ते बघायचं, अन् त्याचं ताट उचलायचं."

ती बसली आणि जास्त कोण खातंय ते शोधलं. खात होता लॉग. लॉग म्हणजे काय झालं, काय बदललं त्याची चालू जंत्री. प्रत्येक मशीन ती सतत डोक्यात धरून असतं. कशासाठी? तर एखादं मशीन बंद पडून परत आलं की बाकीची दोघं ही जंत्री त्याच्यापुढं टाकतात. तू नव्हतास तेव्हा एवढं एवढं झालं, तेवढंच उतरवून घे. शाळा बुडवलेल्या पोरानं शेजाऱ्याची वही मागावी, तसं. जंत्री लांब असेल तर मशीन दिवसभर गैरहजर राहिलं तरी बिघडत नाही. आखूड असेल तर बाकीचे म्हणतात, बाबा, इतकं मागचं आम्हालाही आठवत नाही. तुझ्याकडचं खरं काय नि शिळं काय, सांगता येत नाही. सगळं टाक आणि पहिल्यापासून उतरव.

रुमानानं जंत्री आखूड केली. थोडीथोडकी नाही, पार कापली. ती अडाणी नव्हती. काय जाईल ते तिला ठाऊक होतं. पण तिनं आपल्यापुरता विचार केला होता, वीज जाऊन जाऊन किती जाणार? श्रीरामपूरला, नगरला बॅटरी आहे. नेवाशाला शेतीची लाइन आहे खरी, पण शेडवर डिझेलचा जनरेटर आहे. कोंबड्यांना पंखा लागतो. नेवाशाच्या उन्हात पंखा घटकाभर थांबला तर शेडमध्ये माना टाकलेल्या कोंबड्यांचा खच पडतो. त्यामुळं तिथला जनरेटर कधी थांबत नाही.

मशीन मरायची थांबली. शेठनं पेढे वाटले. "बघा, फुकटात झालं!" मेमरी घ्यायचा विषय त्या पेढ्याबरोबर संपला.

कोर्टानं रेकॉर्डिंग मागवायला बराच वेळ लावला. त्यांच्या घरचं कोणी आत नव्हतं. आदेश हातात पडला त्या दिवशी रुमाना ऑफिसात आली, खुर्चीत बसली, रेकॉर्डिंगचा नंबर टाकला. मशीन बराच वेळ फिरत राहिलं आणि मग म्हणालं, वाचता येत नाही. तिनं पुन्हा टाकला. मग नगरकडून मागितलं. नगर उत्तरच देईना. नेवाशाकडून मागितलं. तिथं त्या नंबराखाली काहीच नव्हतं.

तिनं नेवाशाची एसटी पकडली.

शेडवर पुंजाराम राखणदार बाजेवर बसून शेंगा फोडत होता. शेडमध्ये एक पीस उडत नव्हतं.

"कोंबड्या कुठं गेल्या, मामा?"

"इकल्या की सायबांनी. लई दिस झालं. परवडंना म्हनले. बसा ताई, शेंगा खा."

"आणि जनरेटर?"

"कोंबड्याच न्हाईत त पंखे कुनाला लावू? सायेब म्हनले डिझेल बंद. म्या बंद केलं."

रुमानानं आतल्या खोलीकडं बोट केलं. "आणि ते मशीन?"

"त्ये व्हय? लई गुनी मशीन हाय. शेतीची लाईट आली की उठतंय, गेली की झोपतंय. एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रातची. म्याबी तसंच करतो." पुंजारामनं शेंगेचं टरफल फुंकलं. "कदी तक्रार न्हाई त्याची."

तक्रार केली होती त्यानं. प्रत्येक वेळी झोपताना, प्रत्येक वेळी उठताना. रुमाना सुटीवर म्हणून ते मेसेज शेठच्या मोबाईलवर जात होते, आणि शेठनं तो ग्रुप म्यूट करून ठेवला होता. त्यांच्या सुप्रभातांत व्यत्यय यायचा.

ती एसटीच्या खिडकीला डोकं टेकवून परत आली आणि डोक्यात सगळं जुळत गेलं. तिला ते जुळवायचं नव्हतं, पण धंदाच तो. नेवाशाचं मशीन लाईट आली की उठायचं आणि विचारायचं, मी नव्हतो तेव्हा काय झालं? बाकीची दोघं सांगायची, आठवत नाही. मग ते आपल्याजवळचं सगळं शिळं समजून टाकून द्यायचं आणि पहिल्यापासून उतरवायला बसायचं. पुरं व्हायच्या आत लाईट जायची. बाकीची दोघं त्याच्या वाटणीचं श्रीरामपूरवर मांडायला घ्यायची. ते अर्ध्यावर आलं की लाईट यायची आणि पुन्हा सगळं उलटं. हा खेळ तिनं सुटी घेतल्यापासून चालू होता. अब्बांना चादर द्यायला ती कारागृहाच्या दारात रांगेत उभी होती तेव्हा चालू होता. अम्मी बरगडीच्या गोळ्या घेऊन मागं उभी होती तेव्हाही. त्या ओझ्यानं एकदा श्रीरामपूरही आडवं झालं, आणि उठल्यावर त्यानंही आपलं सगळं शिळं म्हणून टाकलं. मग देत होतं एकटं नगर, रात्रंदिवस, आणि नगरची डिस्क सगळ्यांत म्हातारी. ती मेली. तिच्याकडून श्रीरामपूरनं घ्यायला सुरुवात केली होती, ते अर्धं आलं होतं. फाटकाच्या कॅमेऱ्याचा तो तुकडा उरलेल्या अर्ध्यात होता.

नेवाशानं म्हशी शिळ्या म्हणून फेकल्या, श्रीरामपूरपर्यंत परत पोचल्या नाहीत, नगरला मेल्या.

नगरची डिस्क पुण्याला पाठवली. तिकडून फोन आला, आतली चकती खरवडली गेलीय, काही निघणार नाही. फोनवरचा माणूस चांगला होता. लग्नाचे फोटो होते का, म्हणून त्यानं विचारलं.

कोरडेशेठनं तिला बोलावलं तेव्हा टेबलावर कोरा कागद आणि पेन तयार होतं. कोर्टाला कंपनीचं प्रमाणपत्र द्यायचं होतं.

"लिहा. मुदत संपल्यावर नियमाप्रमाणं रेकॉर्डिंग पुसलं गेलं. यंत्रणा सुरळीत होती."

"मी राखून ठेवलं होतं सर. पुसलं नाही गेलं. घालवलं गेलं."

"कुणी सांगितलं हुतं राखायला? आरोपीच्या पोरीनं आरोपीचं रेकॉर्डिंग राखलं, हे कोर्टात सांगू? तुमच्यासाठीच म्हणतो, ताई."

"जनरेटर बंद केला ते मला एका शब्दानं सांगितलं नाही कुणी."

"कोंबड्या इकताना कम्प्युटरला इचारायचं असतं, हे मला काय ठावं?" शेठ आता हसत नव्हते. पेन पुढं सरकवत त्यांनी हळू आवाजात विचारलं, "अन् लॉग कुणी कापला? सेटिंग कुणाचं हुतं?"

रुमानाच्या ओठांवर आलं होतं, पैसे तुम्ही दिले नाहीत, मेमरी तुम्ही घेतली नाही, ताट उचला तुम्ही म्हणालात. पण ताट तिनं उचललं होतं. तिच्या बोटांनी. साहेब लोकांची हीच तऱ्हा असते. ते हुकूम असा देतात की त्याचा कुठं लॉग राहत नाही.

तिनं कागद ओढला आणि होतं ते लिहिलं. मेमरी कमी होती, म्हणून लॉग आखूड केला, म्हणून नेवाशाची वीज जाताच प्रती तुटल्या. रेकॉर्डिंग होतं, त्यात चार म्हशी होत्या, मी पाहिल्या. खाली सही केली. त्याच दुपारी तिची नोकरी गेली, आणि तिच्या जागी कोणी यायच्या आत शेठनं आणखी दोन बाजारांचं कंत्राट घेतलं.

खरं लिहिल्याचा काय उपयोग झाला म्हणाल, तर सरकारी वकिलाला झाला. तो न्यायाधीशांपुढं उभा राहिला आणि म्हणाला, रेकॉर्डिंग होतं असं म्हणतंय कोण? मुलगी. ते गेलं कुणाच्या हातून? मुलीच्या. त्यात म्हशी पाहिल्या कुणी? पुन्हा मुलीनं. कोर्टात लोक हसले. जामीन नामंजूर झाला.

बनकर वकील बाहेर चहाच्या टपरीजवळ उभे होते. चहा निवून गेला होता.

"आता दोनच वाटा. खटला चालवायचा, तर वर्षं मोजत बस. नाहीतर कबूल करून टाकायचं. आतापर्यंत भोगलं तेवढी शिक्षा धरायला लावतो, दंड भरू, माणूस घरी."

"काय कबूल करायचं?"

"बैल होते म्हणून."

"तुम्हीच म्हणालात हात लावू नको!" रुमाना इतक्या मोठ्यानं ओरडली की टपरीवाल्यानं गाळणी खाली ठेवली. "एक पेनड्राइव्ह होता माझ्या हातात! एवढासा!"

"म्हणालो," वकील म्हणाले. "कायद्यानं बरोबरच म्हणालो." आणि त्यांनी तो गार चहा एका घोटात संपवला, औषधासारखा.

भेटीच्या खोलीत जाळीपलीकडं कमरुद्दीन आला तेव्हा त्यानं आधी बरगडीवर हात ठेवला, मग बाकावर बसला. बापलेक घरच्या बोलीत बोलायला लागले तसा मागचा शिपाई खेकसला, "ए, मराठीत. मला कळलं पाहिजे." कमरुद्दीनला काय, म्हशीवाल्यांशी जन्मभर मराठीतच सौदे केलेले.

"दिसल्या का म्हशी कोर्टाला?"

"नाही अब्बा. गेलं ते. तिन्हीकडचं गेलं."

"तिन्हीकडचं कसं जाईल? तूच म्हनली हुतीस, येक जळालं, येक बुडालं..."

"माझ्यामुळं गेलं." तिनं जाळीला बोटं धरली. "मशीनला जास्त आठवायला लागलं की ती मरायची. म्हणून मीच त्यांचं आठवणं कमी केलं. आधीच केलं होतं. मला वाटलं, एवढं पुरेल."

कमरुद्दीननं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाजारात त्याच्या शिव्या प्रसिद्ध होत्या. पण तो नुसता जाळीकडं बघत राहिला, दावणीला बांधलेलं जनावर बघतं तसा.

"त्यातली येक गाभन हुती," तो शेवटी म्हणाला. "ती मोठी मुऱ्हा. आता वेली आसंल. कुनाच्या दारात वेली, अल्ला जाने."

"अब्बा, वकील म्हणतात..."

"ठावं हाय. आत समदे त्येच सांगत्यात. कबूल कर अन् जा." तो उठला. "वकिलाला म्हन, मी बोलतो काय बोलायचं त्ये. आन् तू आता जेवत जा. हाडं दिसाया लागली तुझी."

तारखेच्या दिवशी कोर्टाची खोली भरलेली होती. टेम्पो अडवणाऱ्यांपैकी दोघं मागच्या बाकावर येऊन बसले होते, इस्त्रीचे कपडे घालून. रुमाना पुढच्या बाकाच्या टोकाला. बनकर वकील कमरुद्दीनच्या कानाशी लागले. "नुसतं बैल म्हणा. जास्त बोलू नका."

"गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"व्हय, सायेब."

"जनावरं कोणती होती?"

"बैल, सायेब. चार."

एवढं पुरलं असतं. न्यायाधीश पुढं लिहायलाही लागले होते. पण कमरुद्दीन थांबला नाही. जन्मभर ज्यानं बाजारात उभं राहून जनावराचं वर्णन केलं, त्याच्या तोंडून नुसतं 'बैल' निघेना. की त्याला वाटलं, खोटंच बोलायचं तर अर्धवट कशाला.

"दोन खिल्लार हुते, सायेब. दुधासारके पांढरे. येक चार दाताचा चौसा, येक दात जुळलेला. शिंगं अशी मागं गेलेली, सारकी, जोडीला जोड. तिसरा लाल कंधारी, वशिंडावर काळी झाक. चालायला लई देखना. चौथा गावरान. त्याच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा हुता. जरा तापट, मानूस बगून शिंग टाकायचा. म्हून त्याला मी कडंला बांदला हुता."

सरकारी वकील मान डोलावत होता. मागच्या बाकावरचा एक जण दुसऱ्याला कोपरानं ढोसून कुजबुजला, "तो तांबडा मला चांगला आठवतोय." आणि दुसरा म्हणाला, "अन् तो भोवऱ्याचा? मलाच मारायला आला हुता की."

रुमाना बापाकडं बघत होती. फाळक्यावरच्या त्या चार काळ्या पाठी तिनं डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. एक आली. शिंग आलं. मग कमरुद्दीन खिल्लारच्या खुरांबद्दल बोलायला लागला आणि तिला दुसरी आठवेना.

"थोडं सावकाश सांगा," टायपिस्ट बाई म्हणाल्या. "तिसऱ्याचा रंग काय म्हणालात?"

"लाल, बाई," कमरुद्दीन म्हणाला, आणि त्यांच्या बोटांकडं बघत, एकेक शब्द सुटा करून, त्यानं तिसऱ्या बैलापासून पुन्हा सुरुवात केली.